डावखुऱ्या नातीची बंदूक

आमच्या कोडगूत, तुमच्या कूर्गात, माणूस म्हातारा झाला की नाही हे डॉक्टर सांगत नाही, नारळ सांगतो.

कैलपोळ्दच्या सणाला घराघरांतल्या बंदुका देवघरातून बाहेर निघतात. पुसायच्या, चंदन लावायचं, नळीत रानातलं लाल-पिवळं फूल खोचायचं, पूजा करायची. मग डुकराचं मटण आणि तांदळाचे कडंबुट्टू पोटाला तडस लागेस्तोवर हाणायचे, आणि मैदानात जाऊन झाडाच्या शेंड्याला बांधलेला नारळ गोळीनं फोडायचा. पोटात एवढं डुक्कर असताना नेम लागतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. पण लागतो.

नेल्लचंडा घराण्याची चाल जरा कडक. पहिला मान घरातल्या वडीलधाऱ्याचा, तोही घरच्या बंदुकीनंच. गोळ्या तीन, आणि बंदूक खांद्यावरून खाली आणायची नाही. तिनांत नारळ फुटला तर वर्षभर घरात त्याचा शब्द. नाही फुटला तर त्यानं आपल्या हातानं बंदूक पुढच्याला द्यायची आणि गुमान मागं जाऊन बसायचं. कुणी हाकलत नाही, बरं का. कुणी बोलतसुद्धा नाही. तेच तर वाईट.

हा मान कैक वर्षं माचय्याअण्णाकडं होता. ताडासारखा उंच, मिशा अशा की आधी मिशा खोलीत यायच्या, मागनं अण्णा. आणि पुढच्या नंबरला त्याचा धाकटा भाऊ, त्याचा तम्मा, बिद्दप्पा. हाही सत्तरी ओलांडलेला. दरवर्षी नारळ फुटला की सगळ्यांत जोरात टाळ्या बिद्दप्पाच्या, आणि सगळ्यांत आंबट तोंडही त्याचंच.

मी ऐरी. म्हणजे लोहारकी आणि सुतारकी दोन्ही करणारा. शाळा मी बाहेरनंच बघितली, पण गोणीकोप्पच्या आसपासच्या बंदुका माझ्या हाताखालनं जातात, माझ्या बापाच्याही गेल्या.

तर त्या साली ऐन पावसाळ्यातल्या काक्कडा महिन्यात, बंदुका देवघरात असायच्या दिवसांत, माचय्याअण्णा जीपमधनं उतरला तो काखेत पोतं घेऊन. पोत्यात घरची बंदूक, पॉइंट टू टू.

"काय झालं अण्णा, गंज?"

"गंज नाही. डावी करायची."

"काय करायची?"

"बहिरा झालास का ऐरी? डावी. बोल्टचा दांडा उजवीकडं आहे तो डावीकडं घे. गाल टेकायचा उंचवटा या अंगाचा त्या अंगाला घे. डावखुऱ्या माणसाला डाव्या खांद्यावरनं सुखानं मारता आली पाहिजे."

"डावखुरं कोण आहे तुमच्यात?"

"माझी नात. देचू."

देचम्माला मी फ्रॉक घालायची तेव्हापासनं ओळखतो. पोर खरंच डावखुरी होती. डाव्या हातानं घास उचलला की याच अज्जाची छडी त्या हातावर बसायची. प्रसाद डाव्या हातानं घेतला, छडी. पाहुण्याला डाव्या हातानं पाणी दिलं, छडी. सगळं घर सांगायचं, अण्णानं पोर सरळ केली. आता पोर मैसूरला बँकेत नोकरीला, उजव्या हातानं सह्या करायची, आणि अज्जाला तिच्या डाव्या हाताचं प्रेम आलेलं.

म्हणलं, असेल. म्हातारपणी माणूस मऊ होतो, भातासारखा.

"बरं, मग पोरीला पाठवा. दस्त्याचं माप घ्यायला पाहिजे. हात केवढा, मान केवढी—"

"माझंच घे."

"आँ?"

"माझंच माप घे. तेवढंच आहे."

"अण्णा, तुम्ही सहा फूट. ती तुमच्या बगलेखालनं टोपी न काढता जाईल."

"वाढेल ती!"

"चोवीस वर्षांची आहे, अण्णा!"

"तू लाकूड काप, वय नको मोजू," असं म्हणून त्यानं हात पुढं केला. डावा. मी माप घेतलं. आपलं काय जातंय?

काम सोपं नव्हतं. बोल्टचा, म्हणजे दर गोळीला ओढायचा, दांडा कापून दुसऱ्या अंगाला बसवायचा, त्याला जायला डावीकडं खाच पाडायची. सेफ्टीचा खटका फिरवायचा. जुना दस्ता उजव्या खांद्यासाठी वळवलेला, तो डावा होणार कसा? जुनी शिसवी फळी होती, त्यातनं नवा कोरला. डाव्या खांद्याकडं वळता, उंचवटा उजव्या अंगाला. उजव्या हाताच्या माणसानं ती बंदूक खांद्याला लावली तर गालाला टेकायला काही नाही, डोळा एकीकडं, नळीवरची माशी एकीकडं. एक गोष्ट मात्र तशीच ठेवावी लागली. रिकामं काडतूस अजून उजवीकडंच उडायचं, म्हणजे डावखुऱ्याच्या नाकासमोरून. ते बदलायचं तर बंदूकच नवी आणा.

बंदूक झाल्यावर अण्णा आला, बरोबर देचू. माझ्या घरामागं डोंगराची दरड आहे, तिच्यापुढं मी पत्र्याचे डबे मांडून बंदुका तपासतो.

देचूनं बंदूक हातात घेतली, फिरवून बघितली, आणि अज्जाकडं बघून म्हणाली, "ज्या हाताला बडवलंत त्यालाच बंदूक? छडी मोडली का तुमची?"

"जुनं काय काढतेस. मार बघू."

पोरीनं डाव्या खांद्याला लावली. दस्ता तिला चांगला लांब, तरी अंग तिरकं करून लावली. पहिला डबा उडाला. दांडा मागं, दांडा पुढं, दुसरा उडाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत तिसरा. इतकी वर्षं ती उजव्या खांद्यावरनं मारायची तेव्हा हिचे डबे हसत उभे असायचे.

मी म्हणलं, "देवा!"

अज्जा म्हणाला, "हं. ठीक आहे. आता दे इकडं."

"तुम्हाला कशाला?"

"बंदूक तपासायला नको? घरची आहे!"

आणि त्यानंही डाव्या खांद्याला लावली. पहिली गोळी दरडीत. काडतूस नाकासमोरनं गेलं तसा घोड्यासारखा दचकला. दुसरी दरडीत. तिसरी माझ्या फणसाला.

मी म्हणलं, "अण्णा, उजवा डोळा मिटा. दोन्ही उघडे ठेवले तर नेम फाटतो."

"त्याला मिटला काय न् उघडा काय, सारखंच!" असं बोलला, आणि बोलल्यावर त्याला कळलं काय बोललो ते.

देचू त्याच्या समोर गेली, त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं केलं. उजव्या बुबुळावर साय. दुधावर येते तशी.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "किती दिवस?"

"हळू बोल! बिद्दप्पाचा मळा पलीकडंच आहे."

"अज्जा, मैसूरला अर्ध्या दिवसाचं काम आहे हे. सकाळी जायचं, जेवायला घरी."

"हो! त्या दवाखान्यात बिद्दप्पाच्या बायकोचा भाऊ कंपाउंडर आहे. मी पायरी चढलो की इकडं ढोल वाजेल. आंधळ्याच्या हातात बंदूक नको म्हणतील. नारळापर्यंत पोचूसुद्धा देणार नाहीत मला."

म्हणजे बघा. अर्ध्या दिवसात डोळा बरा झाला असता. तो चुकवायला या बाबानं शंभर वर्षं उजवी असलेली बंदूक डावी केली, शिसवाची फळी घालवली, आणि घरातल्या सगळ्यांत शहाण्या पोरीला ढालीसारखं पुढं केलं. कैलपोळ्दला सांगणार, काय करू बाबांनो, नातीसाठी बंदूक डावी केली, आता मलाही म्हातारपणी डावीच मारणं आलं. लोक म्हणणार, केवढा त्याग!

देचूनं विचार केला. "मी गप्प बसते. ऐरीमामाही बसतील. पण कैलपोळ्द झाला की मैसूर. तुमचा डोळा माझ्या ताब्यात."

"झालं की. नंतर तू म्हणशील ते."

म्हातारा लगेच कबूल झाला. नंतरचं कबूल करायला कुणाचं काय जातं?

मग महिनाभर दोघं माझ्या दरडीपुढं. ती शिकवायची, तो शिव्या द्यायचा.

"बोट ओढू नका, दाबा."

"तुझ्या बापाला बंदूक मी शिकवली."

"म्हणूनच बाबांना काही येत नाही."

कैलपोळ्दच्या सकाळी नेल्लचंडांच्या ऐनमनेत, म्हणजे त्यांच्या मूळ घरात, सगळं कुळ जमलं. टांगता दिवा लावला. अण्णानं बंदूक पूजेला ठेवली आणि सगळ्यांच्या नजरा त्या दांड्यावर.

बिद्दप्पा पुढं सरकला. "अण्णा, हे काय? आजोबांची बंदूक उलटी केलीस?"

"नातीसाठी. डावखुरी आहे पोर."

"पोर उद्या लग्न होऊन दुसऱ्याच्या घरात जाईल! तिच्यासाठी घरची बंदूक? आणि पूजेतली वस्तू डाव्या हातानं धरायची? मेलेल्या वाडवडिलांना काय सांगशील?"

माणसं कुजबुजली. कुणी म्हणालं, खरं आहे. कुणी म्हणालं, आजचं भागवू, उद्या ऐरीकडनं परत सरळ करून घेऊ. मी कोपऱ्यात खांबाला टेकून उभा, मला त्यांनी तिथनंच विचारलं, होईल ना रे? मी मान हलवणार, तेवढ्यात अण्णाचा आवाज चढला.

इथं त्यानं थांबायला पाहिजे होतं. पण खोटं बोलणारा माणूस नेहमी खऱ्यापेक्षा दोन हात जास्त बोलतो. त्यानं दिव्यावर हात धरला, मूळपुरुषाचं नाव घेतलं, आणि गर्जला, "देवानं दिलेल्या हाताला मी छडी मारली, ते पाप मी फेडतोय! ही बंदूक आता डावी ती डावीच. जो कुणी हिला परत उजवी करील त्याचा तो हात खांद्यापासून झडेल!"

बायकांनी डोळे पुसले. देचूनंही पदर तोंडाला लावला, पण ती हसत होती की रडत, मला दिसलं नाही. दिव्यासमोर बोललेला शब्द आमच्याकडं परत घेता येत नाही. बिद्दप्पासुद्धा दोन पावलं मागं गेला.

मैदानात अण्णानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. तोंडावर असा भाव की बघा, काय काय सोसतोय. पहिली गोळी आभाळाला. दुसरीनं एक पान पाडलं. तिसरीनं नारळ असा फुटला की खोबरं खालच्या पोरांच्या डोक्यात.

"तिसरीला!" बिद्दप्पा म्हणाला.

"फुटला ना? का तुझ्या सासरच्यांना विचारायचं?"

मग दुसरा नारळ बांधला आणि बंदूक बिद्दप्पाकडं आली. दोन्ही डोळे ठणठणीत, हात उजवा. त्यानं ती उजव्या खांद्याला लावली तर गाल अधांतरी. एक गोळी सुटली कुठंतरी, आणि दांडा ओढायला त्याचा उजवा हात गेला तो सवयीनं उजवीकडं. तिथं दांडाच नाही. हवेत दोन वेळा चिमटा काढला. पोरं खिदळली. तिन्ही गोळ्या वाया. नंतर देचूची पाळी, तिनं पहिल्या गोळीत फोडला. एका डोळ्याचा जिंकला, दोन डोळ्यांचा हरला, आणि मी पोटभर जेवून घरी आलो.

त्यानंतर गंमत झाली. बातमी पसरली की डाव्या बंदुकीला नारळ आपणहून फुटतो. आठ-पंधरा दिवसांत माझ्या दारात म्हाताऱ्यांची रांग. सगळे पोत्यात बंदूक गुंडाळून, सगळे हळू आवाजात. "ऐरी, माझी नात डावखुरी आहे रे." आमच्या नाडातल्या, म्हणजे मुलखातल्या, घराघरांत डावखुऱ्या नातींचं पीक आलं. एकाला तर नातच नव्हती, तो म्हणाला, होईल. माप कुणाचं ते मी विचारलंच नाही. खांदा बघायचो, आणि गुपचूप डोळा.

इकडं देचूनं शब्द पाळून घेतला. मैसूर नको तर मंगळूर, असं म्हणून म्हाताऱ्याला गाडीत घातलं आणि उजवा डोळा करून आणला. डावा पण धरायला लागलाय, तो पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात करू, असं तिथला डॉक्टर म्हणाला. अण्णा परत आला तो नव्या नवरीसारखा सगळ्याला बघत. मला म्हणाला, "ऐरी, तू इतका म्हातारा कधी झालास?"

एवढ्यात देचूनं एकटीनं येऊन माझ्याकडनं दस्ता दोन बोटं आखूड करून नेला. मी म्हणलं, "बाई, अज्जांची शपथ?"

"उजवी करू नका म्हणाले. आखूड करू नका कुठं म्हणाले?"

बरोबर होतं. मी कापला.

पुढचा कैलपोळ्द आठ दिवसांवर आला आणि अण्णा जीपमधनं उतरला. काखेत पोतं. चाल मात्र चोराची.

"ऐरी, दार लाव."

"काय झालं?"

"डावा डोळा पार गेला रे. सगळं धुकं. उजव्यानं मला त्या डोंगरावरची गाय कुठल्या कानानं बहिरी आहे ते दिसतं, पण बंदूक डावी! डाव्या खांद्याला लावली तर नारळ दिसत नाही. उजव्याला लावली तर गाल बसत नाही, आणि आता ही मेली आखूड कशी झाली तेही कळेना. उजवी कर बाबा. गुपचूप."

"अण्णा, तुम्ही दिव्यासमोर काय बोललात?"

"बोललो असेन काहीतरी."

"जो उजवी करील त्याचा हात झडेल, खांद्यापासून."

"अरे, ते बिद्दप्पासाठी बोललो होतो!"

"बिद्दप्पा कानस धरतो का? या भागात भट्टी एकट्याची माझी. तुम्ही शाप दिलात तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो. तो हात दुसऱ्या कुणाचा नाही अण्णा, हा माझाच!" आणि मी हात त्याच्या नव्या डोळ्यापुढं धरला.

त्यानं बघितला. चांगला निरखून, घट्टे, चट्टे, सगळं. मग म्हणाला, "मी शाप मागं घेतला तर?"

"दिव्यासमोर घ्या. सगळ्यांना सांगून. का घेताय तेही सांगावं लागेल."

म्हातारा मोरीच्या दगडावर बसला. त्याला कॉफी दिली. पिता पिता म्हणाला, "डोळा केला नसता तर बरं झालं असतं."

"मग यंदा दोन्ही गेले असते."

"तेही खरं," म्हणाला, आणि पोतं उचलून गेला.

कैलपोळ्दला त्यानं पूजा केली, जेवला, मैदानात आला. मागं हटला असता तर माचय्या कसला? बंदूक उजव्या खांद्याला लावली. लोकांना वाटलं, म्हातारा आता डाव्या बंदुकीनं उजवी मारून दाखवतोय. टाळ्यासुद्धा झाल्या. गाल अधांतरी, मान वाकडी. पहिली गोळी गेली. साठ वर्षांची सवय, उजवा हात दांड्याकडं गेला आणि हवेत चिमटा. मागच्या साली बिद्दप्पाला हसलेली पोरं यंदा हसली नाहीत. कसाबसा डावा हात वरनं घालून दांडा ओढला, दुसरी मारली. तिसरी मारली. नारळ झाडावर आरामात बसून होता.

अण्णानं बंदूक खांद्यावरनं उतरवली. क्षणभर छातीशी धरली. मग चालीप्रमाणं वळला आणि बिद्दप्पापुढं केली.

"घे तम्मा."

ज्या घटकेची बिद्दप्पा आयुष्यभर वाट बघत होता ती समोर दोन हातांत धरलेली. त्यानं त्या डावीकडच्या दांड्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"मला... सांध्यांचं दुखणं आहे अण्णा. तू विसरलास वाटतं."

"कधीपासनं?"

"मागच्या कैलपोळ्दपासनं."

मग त्याच्यानंतरचा. त्याचा चष्मा घरी राहिलेला. त्याच्यानंतरच्याला अचानक कुत्र्याला बघायला जायचं होतं. सगळ्या मर्दांच्या नजरा बुटांवर. अण्णा बंदूक पुढं धरून तसाच उभा, आणि ती घ्यायला कुळात कुणी नाही.

देचूनं साडी खोचली आणि पुढं आली. डावा हात पुढं केला.

बिद्दप्पा पुटपुटला, "उद्या लग्न—"

"उद्याचं उद्या, धाकटे अज्जा. आज तुम्ही मारताय का?"

बिद्दप्पा आणखी मागं सरला. अण्णानं नातीच्या त्या हाताकडं बघितलं, ज्याच्यावर त्याच्या छड्या पडल्या होत्या. त्यानं बंदूक दिली. वडीलधाऱ्यानं द्यायचा उपदेशही दिला, वाघाच्या वाटेला उगाच जाऊ नको, शरण आलेल्याला मारू नको, सगळं म्हणाला. एक शब्द गाळला नाही.

तिनं लावली. दस्ता आता बरोब्बर बसत होता. एक गोळी.

नारळ हललासुद्धा नाही. होता तिथंच, होता तसाच. माणसं कपाळावर हात धरून वर बघायला लागली. गेली. नाही, लागली. कुठं लागली? वरनं गेली रे. बिद्दप्पा म्हणाला, "चुकली," आणि त्याच्या आवाजात जरा जीव आला. देचूचा हात दांड्यावर गेला दुसरीसाठी.

"थांब!" अण्णा ओरडला.

तो मान वर करून बघत होता, डावा डोळा मिटून, उजवा लख्ख उघडा.

"शेंडीच्या खाली, आरपार. पाणी गळतंय. एवढं मोठं भोक पडलंय, दिसत नाही कुणाला? आंधळे झालात का सगळे?"

कुणाला दिसत नव्हतं. मग बिद्दप्पा खात्री करायला झाडाखाली गेला, आणि थोड्या वेळानं नारळाचा पहिला थेंब त्याच्या टकलावर पडला.